थर्मोस्टॅटवर हात कोणाचा

ग्रिडमधली वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी खर्ची पडावी लागते. एकीकडे जनित्रे फिरत असतात, दुसरीकडे पंखे, पंप, एसी आणि कारखाने ती वीज ओढत असतात, आणि या दोन्हींचा मेळ सेकंदासेकंदाला बसवावा लागतो. तो बसला की नाही हे फ्रिक्वेन्सी सांगते. भारतात ती ५० हर्ट्झ असते, अमेरिकेत ६०. ओढ वाढली आणि निर्मिती तेवढीच राहिली तर जनित्रांचा वेग मंदावतो आणि फ्रिक्वेन्सी घसरते. घसरण थांबली नाही तर उपकेंद्रांतले रिले आपोआप फिडर, म्हणजे एकेका वस्तीला वीज नेणाऱ्या वाहिन्या, तोडू लागतात, आणि तेही अपुरे पडले तर सारे जाळेच कोसळू शकते. जाळे कोसळणे म्हणजे काय, हे भारताने ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी पाहिले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातला साठ कोटींच्या आसपास वस्तीचा प्रदेश विजेविना होता.

हा मेळ दोन बाजूंनी साधता येतो. निर्मिती वाढवता येते किंवा मागणी कमी करता येते. वीज उद्योगाने जवळजवळ शतकभर पहिलीच बाजू धरली. ग्राहकाने हवे तेव्हा बटण दाबावे आणि कंपनीने तेवढी वीज कशीही करून पुरवावी, हा त्या उद्योगाचा अलिखित करार होता. त्याची किंमत मोठी होती. वर्षातल्या सर्वांत उकाड्याच्या काही संध्याकाळी मागणी शिखर गाठते. तेवढ्या तासांसाठी गॅसवर चालणारी केंद्रे बांधावी लागतात, वाहिन्या आणि रोहित्रे जाड करावी लागतात, आणि उरलेले वर्षभर ही यंत्रसामग्री बहुतांशी पडून राहते. तिचा खर्च मात्र सगळ्यांच्या बिलात चढतो, ज्याच्या घरी एसी नाही त्याच्याही. त्यामुळे शिखराच्या त्या थोड्या तासांत लोकांच्या घरातली मागणीच थोडी खाली आणता आली तर, हा विचार वीज कंपन्यांना सुचणे स्वाभाविक होते. घरातला थर्मोस्टॅट दुरून फिरवण्याची कल्पना तिथून निघते.

मराठी वाचकाला थर्मोस्टॅट हा शब्द इस्त्रीतून आणि गिझरमधून ठाऊक असतो. अमेरिकेत तो वेगळ्या जागी असतो. तिथल्या बहुतेक घरांत खोलीखोलीला वेगळा एसी नसून संपूर्ण घर थंड किंवा उबदार ठेवणारी एकच मध्यवर्ती यंत्रणा असते, आणि तिचे नियंत्रण दिवाणखान्याच्या किंवा बोळाच्या भिंतीवरल्या एका लहान डबीकडे असते. त्या डबीवरचा आकडा दोन अंशांनी वाढला की कित्येक किलोवॉटचा कॉम्प्रेसर काही काळ थांबतो. घरातल्या वीजवापराचा सर्वांत मोठा भाग असा एका बिंदूशी येऊन मिळालेला असल्यामुळे दूरनियंत्रणाचा विषय अमेरिकेत इतका तापला. जिथे घरोघरी खिडकीतले आणि भिंतीवरचे सुटे एसी आहेत तिथे त्याचे स्वरूप निराळे होते.

दुरून भार बंद करण्याचे तंत्र मात्र इंटरनेटच्या फार आधीचे आहे. विजेच्या तारांतूनच वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा संदेश सोडायचा आणि घराच्या मीटरजवळच्या रिलेने तो ओळखून एखादे उपकरण चालू-बंद करायचे, ही पद्धत युरोपात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रुळू लागली होती. फ्रान्समध्ये १७५ हर्ट्झच्या अशा संदेशाने रात्रीच्या स्वस्त दराच्या वेळी घरोघरचे गिझर सुरू होत. न्यूझीलंडमध्ये १९५०च्या दशकापासून हेच तंत्र गिझरवर चालत आले आहे. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकापासून बीबीसीच्या १९८ किलोहर्ट्झच्या दीर्घलहरींमध्ये सांकेतिक संदेश मिसळून लाखो घरांतली साठवण-हीटर यंत्रे चालू-बंद केली गेली. बातम्या आणि नाटके ऐकवणारा तोच प्रक्षेपक घरांतले स्विचही फिरवत होता. अमेरिकेत डेट्रॉइट एडिसन या कंपनीने १९६८ मध्ये रेडिओ संदेशाने घरगुती गिझर थांबवण्याची योजना सुरू केली.

या सगळ्या योजनांवर दशकानुदशके फारशी ओरड झाली नाही. गिझरच्या टाकीत पाणी आधीच तापलेले असते, त्यामुळे संध्याकाळी दोन तास वीज तोडली तरी नळाला गरम पाणी येतच राहते. कंपनीला हवे ते मिळते आणि घरच्यांना काही कळतही नाही. एसीचे तसे नसते. घराच्या भिंतींत आणि सामानात थोडा गारवा साठलेला असतो, पण तो लवकर सरतो, आणि आत म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल असेल तर दोन अंशांचा फरकही अंगाला जाणवतो. दूरनियंत्रणाचा वाद गिझरकडून एसीकडे वळला तेव्हाच तो खऱ्या अर्थाने पेटला, हे लक्षात ठेवायला हवे.

एसीवर नियंत्रण ठेवण्याच्या मुख्य रीती तीन आहेत. जुनी रीत म्हणजे घराबाहेरच्या कॉम्प्रेसरला एक स्विच जोडायचा आणि दर अर्ध्या तासात काही मिनिटे तो बंद ठेवायचा. दुसरी थर्मोस्टॅटचा ठरवलेला आकडा काही अंशांनी वाढवण्याची. तिसरी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या सामाईक मानकात आहे. तीत एसी बंद न करता त्याची वीज पन्नास किंवा पंचाहत्तर टक्क्यांवर अडवली जाते. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात अशा एसीच्या खरेदीवर ग्राहकाला रोख सवलत दिली गेली. तिन्हींत ही तिसरी रीत माणसाला सर्वांत कमी जाचक आहे, कारण वारा थांबत नाही आणि खोली हळूहळूच तापते.

रीत कोणतीही असो, त्यामागचे गणित एकच आहे. एका भागात दहा हजार एसी असतील तर एका क्षणी त्यांतले काही चालू असतात, काही थांबलेले असतात. कोणाचा कॉम्प्रेसर कधी सुरू होईल हे योगायोगाने ठरते, आणि या विस्कळीतपणामुळेच एकूण मागणी सपाट राहते. कंपनीने संदेश पाठवून सगळ्यांना एकदम थांबवले की हा विस्कळीतपणा मोडतो. दोन तासांनी नियंत्रण सुटते तेव्हा सगळी घरे सारखीच तापलेली असतात आणि सगळे कॉम्प्रेसर एकदम धावू लागतात. शिखर कापायला जावे आणि थोड्या वेळाने दुसरे, कधी अधिक उंच शिखर उभे राहावे, असा हा प्रकार आहे. त्यावरचे उपायही ठरलेले आहेत. घरांचे गट पाडून त्यांना आळीपाळीने थांबवतात आणि सोडतात, किंवा दुपारीच घर नेहमीपेक्षा थोडे अधिक थंड करून ठेवतात, म्हणजे संध्याकाळचे दोन तास त्या गारव्यावर निघतात. दुसरा उपाय जिथे दुपारी सौर वीज भरपूर असते तिथे विशेष उपयोगी पडतो.

नियंत्रणाचा संदेश कंपनीकडून येण्याची गरजच नाही, असाही विचार फार पूर्वी झाला आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले (एमआयटी) प्राध्यापक फ्रेड श्वेपी यांनी १९८०च्या सुमारास मांडले की उपकरणाने स्वतःच तारेतली फ्रिक्वेन्सी मोजावी आणि ती घसरली की आपण होऊन थोडा वेळ थांबावे. फ्रिज, गिझर, एसी यांना दोन-चार मिनिटांचा खंड सहज चालतो. यात कोणाला घरात डोकावावे लागत नाही, माहिती बाहेर जात नाही आणि हुकूम सोडणारे केंद्रही लागत नाही. ही वाट उद्योगाने मुख्य रस्ता म्हणून धरली नाही. कंपन्यांना नेमके किती मेगावॉट कमी होतील हे आधी ठाऊक हवे असते आणि नंतर त्याचा हिशेब द्यावा लागतो, तो अशा स्वयंचलित उपकरणांकडून मिळणे अवघड. तरीही दूरनियंत्रणाच्या चर्चेत श्वेपींचा विचार मागे पडला हे या क्षेत्राचे नुकसानच आहे.

लोकांच्या संशयाचे मूळ समजून घ्यायचे तर कॅलिफोर्नियाकडे जावे लागते. २००० आणि २००१ या वर्षांत त्या राज्यात विजेची टंचाई झाली, भाव भडकले, आळीपाळीने वस्त्या अंधारात ठेवाव्या लागल्या, आणि एप्रिल २००१ मध्ये पीजी अँड ई या मोठ्या वीज कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढच्या चौकशीत उघड झाले की त्या टंचाईचा काही भाग बनावट होता. एन्रॉनसह काही व्यापाऱ्यांनी बाजाराचे नियम वाकवून भाव चढवले होते. एन्रॉन हे नाव दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्राला वेगळे सांगावे लागत नाही. टंचाई आहे असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, हा धडा कॅलिफोर्नियाच्या सामान्य ग्राहकाने तेव्हा घेतला.

या पार्श्वभूमीवर राज्याच्या ऊर्जा आयोगाने इमारतींच्या २००८च्या नियमावलीत एक कलम सुचवले. नव्या घरांत, आणि जिथे थंड-उबदार करणारी यंत्रणा बदलली जाईल तिथे, एफएम रेडिओचा संदेश घेऊ शकणारा थर्मोस्टॅट बसवणे सक्तीचे होणार होते. वीज महाग असलेल्या वेळचा संदेश आला तर घरमालकाला तो झुगारता आला असता. मात्र आणीबाणीचा संदेश आला तर थर्मोस्टॅटवरचा आकडा मालकाला बदलता येणार नव्हता. आयोगातले आर्थर रोझेनफेल्ड यांच्यासारखे लोक या कल्पनेचे पुरस्कर्ते होते. रोझेनफेल्ड हे भौतिकशास्त्रज्ञ. ऊर्जेच्या काटकसरीसाठी त्यांनी अर्धे आयुष्य दिले होते. त्यांच्या बाजूचा तर्क बिनतोड होता. वीज कमी पडलीच तर आज संपूर्ण वस्तीचा फिडर बंद होतो. त्यात रुग्णाच्या घरचे यंत्र, दुकानातला फ्रिज, रस्त्यावरचा सिग्नल सगळेच जाते. त्याऐवजी सगळ्यांच्या घरात चार अंश वाढले तर कोणीच अंधारात बसणार नाही.

जानेवारी २००८ मध्ये ही बातमी पसरली तेव्हा लोकांनी हा तर्क ऐकूनही घेतला नाही. आपल्या घरातल्या भिंतीवर सरकारचा हात, एवढेच चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. टीका इतकी झाली की काही दिवसांतच आयोगाने ते कलम मागे घेतले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने सूचना योग्य होती, आणि तरी ती मागे घेणेही योग्यच होते. ज्यांनी सात वर्षांपूर्वी बनावट टंचाईपायी अंधार सोसला, त्यांच्याकडून आणीबाणी कधी आहे हे ठरवण्याचा संपूर्ण अधिकार मागणे आणि त्या बदल्यात काहीही हाती न ठेवणे, हा करार एकतर्फी होता. पुढे राज्याच्या २०१३च्या नियमावलीत संदेश घेणारे थर्मोस्टॅट परत आले, पण या वेळी रहिवाशाला आदेश मोडण्याची मुभा देऊनच.

दरम्यान सक्तीशिवायच हे यंत्र घराघरात पोचले. नेस्ट कंपनीचा थर्मोस्टॅट २०११ मध्ये बाजारात आला आणि २०१४ मध्ये गुगलने ती कंपनी ३.२ अब्ज डॉलरना घेतली. लोकांनी तो स्वतःच्या पैशाने विकत घेतला, वायफायला जोडला आणि थोड्या सवलतीच्या बदल्यात वीज कंपनीला त्यात प्रवेश दिला. कायद्याची बाजूही बदलली. अमेरिकेच्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने २०११च्या आपल्या ७४५ क्रमांकाच्या आदेशात म्हटले की घाऊक बाजारात न वापरलेल्या विजेलाही तयार केलेल्या विजेइतकाच भाव मिळावा. वीज उत्पादक त्याविरुद्ध न्यायालयात गेले. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश कायम ठेवला.

न वापरलेली वीज मोजायची कशी, हा प्रश्न मात्र या साऱ्या व्यवस्थेत उरतोच. ग्राहकाने एरवी किती वापरली असती याचा अंदाज आधीच्या दिवसांवरून बांधावा लागतो, आणि अंदाज फुगवला की पैसे जास्त मिळतात. बाल्टिमोरच्या कॅम्डेन यार्ड्स या बेसबॉल मैदानावर गरज नसताना दिवे लावून वापर फुगवल्याचे प्रकरण नियामकांपर्यंत गेले आणि २०१३ मध्ये संबंधित मध्यस्थ कंपनीला दंड भरावा लागला. घरगुती ग्राहक असे सहसा करत नाही, पण त्याच्या नावावर किती बचत दाखवली जाते हे त्यालाही कधी कळत नाही.

संमती घेतली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही, हे दोन उन्हाळ्यांनी दाखवले. फेब्रुवारी २०२१च्या हिमवादळात टेक्सासमधली लाखो घरे दिवसेंदिवस विजेविना राहिली होती. त्याच वर्षी जूनमध्ये उकाडा वाढला तेव्हा ह्यूस्टन परिसरातल्या काही कुटुंबांना दुपारी अचानक घर तापलेले आढळले. सोडतीत बक्षीस मिळण्याच्या संधीच्या बदल्यात आपण थर्मोस्टॅटचे नियंत्रण देऊन बसलो आहोत हे कित्येकांच्या लक्षातच नव्हते. ३० ऑगस्ट २०२२ रोजी कोलोरॅडोत एक्सेल एनर्जीच्या सुमारे २२,००० ग्राहकांच्या थर्मोस्टॅटवर ऊर्जा आणीबाणीचा संदेश झळकला आणि आकडा बदलता येईना. योजनेत सामील होताना त्यांना १०० डॉलर आणि पुढे दरवर्षी २५ डॉलरची सूट मिळाली होती. एरवी आदेश मोडता येत असे, त्या दिवशी पहिल्यांदाच आला नाही. करारात तशी तरतूद होती. ती ग्राहकाच्या मनात पोचली नव्हती. मोबाइलवर एका बोटाने दिलेली मान्यता आणि समजून-उमजून दिलेली संमती यांतले अंतर इथे उघडे पडते, आणि ते बुजवण्याची जबाबदारी करार लिहिणाऱ्याचीच आहे.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात याच्या उलट घडले. ६ सप्टेंबर २०२२ रोजी सॅक्रामेंटो शहराच्या मध्यभागी तापमान ११६ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ४७ अंश सेल्सिअसवर गेले आणि राज्याची मागणी ५२,०६१ मेगावॉट या विक्रमी आकड्याला भिडली. संध्याकाळी पावणेसहाला राज्याच्या आपत्कालीन सेवा कार्यालयाने लोकांच्या फोनवर एक संदेश पाठवला : आरोग्याला धोका नसेल तर अनावश्यक वीज आता बंद करा. काही मिनिटांत मागणी हजार मेगावॉटहून अधिक उतरली आणि त्या संध्याकाळी आळीपाळीचा अंधार टळला. यंत्राने नव्हे, माणसांनी स्वतःच्या हाताने बटणे फिरवली होती. रोज असे आवाहन केले तर त्याची धार बोथट होईल हे खरे, म्हणून केवळ त्यावर ग्रिड चालवता येत नाही. पण टंचाई खरी आहे आणि ती स्पष्ट सांगितली आहे, एवढे असेल तर लोक किती देतात याचे ते मोजमाप आहे.

थर्मोस्टॅट आणि स्मार्ट मीटर यांतून फक्त आदेश आत येत नाहीत, माहितीही बाहेर जाते. एमआयटीतले संशोधक जॉर्ज हार्ट यांनी १९८०च्या दशकातच दाखवले होते की घराच्या एकूण वीजवापराच्या आलेखावरून कोणते उपकरण कधी चालले हे वेगळे काढता येते. त्यातून माणसांवर पाळत ठेवता येईल याची जाणीवही त्यांनीच १९८९ मध्ये करून दिली. नेदरलँड्समध्ये २००९ साली संसदेच्या वरिष्ठ सभागृहात सक्तीच्या स्मार्ट मीटरची योजना याच आक्षेपावर अडली. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने २०१८ मध्ये इलिनॉयमधल्या नेपरव्हिल शहराच्या खटल्यात, दर पंधरा मिनिटांची मीटरनोंद घेणे ही घटनेच्या अर्थाने घराची झडतीच ठरते, असे मान्य केले. तरी ती झडती वाजवी आहे, असा निकाल दिला. सुरक्षेचा धोका याहून गंभीर आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडले की इंटरनेटला जोडलेले पुरेसे एसी आणि हीटर कोणी घातपाती एकदम चालू करू शकला तर ग्रिडचा मेळ बिघडवता येईल. मागणी वाचवणारे साधन चुकीच्या हाती गेले तर मागणी उसळवणारे होते.

भारतातला इतिहास वेगळा आहे. इथे मागणीवरचे नियंत्रण घरात शिरलेच नाही, ते फिडरवरच राहिले. महाराष्ट्रात २००५नंतरच्या भारनियमनाच्या काळात वीजगळती आणि वसुली यांवरून फिडरचे गट पाडले गेले आणि त्यानुसार कोणी किती तास अंधारात राहायचे ते ठरले. प्रामाणिकपणे बिल भरणारे घर गळतीच्या फिडरवर असेल तर त्याला सुटका नव्हती. पुण्यात २००६ मध्ये निराळा तोडगा निघाला. उद्योगांनी शिखराच्या वेळी स्वतःची जनित्रे चालवून ग्रिडवरचा भार हलका करायचा आणि त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी दरात थोडी भर घालून द्यायचा. मागणी सरकवणाऱ्याला मोबदला आणि बदल्यात सर्वांना अखंड वीज, हे तत्त्व इथे थर्मोस्टॅटशिवाय अमलात आले.

शेतीपंपांच्या वाहिन्यांवर तर दूरनियंत्रण रोजचेच आहे. तीन फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री ठरावीक तास मिळते आणि शेतकऱ्याला तिच्या वेळेनुसार जागावे लागते. रात्रीबेरात्री विंचू-सापाच्या वाटेने विहिरीवर जाणे टाळण्यासाठी शेतकरी पंपाला ऑटोस्विच लावतात. मग वीज येताच फिडरवरचे सगळे पंप एका क्षणी सुरू होतात, दाब कोसळतो आणि रोहित्र जळते. ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वर्षानुवर्षे करते. अमेरिकेतले कॉम्प्रेसर एकदम धावतात त्या घटनेचेच हे शेतातले रूप आहे, आणि औषधही तेच : पंपांनी थोड्या थोड्या अंतराने सुरू व्हावे. सौर प्रकल्पांवरून कृषिवाहिन्यांना दिवसा वीज देण्याची योजना ही मागणी सूर्याच्या वेळेकडे सरकवण्याचीच योजना आहे, आणि शेतकऱ्याची झोप वाचत असल्याने तिला विरोध होत नाही.

घरगुती एसीचा प्रश्न आता जवळ येत आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॉटवर गेली, त्यात एसीचा वाटा वाढता आहे. जानेवारी २०२०पासून स्टार-मानांकित एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावलेले येतात. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी २० ते २८ अंशांची मर्यादा घालण्याचा विचार जाहीर केला. ही दोन्ही नियंत्रणे यंत्र बनतानाची आहेत, दुरून चालवायची नाहीत. वेळेनुसार दराची वाट त्याहून मोकळी आहे. केंद्राच्या २०२३च्या नियमांप्रमाणे सौर तासांत वीज स्वस्त आणि शिखर तासांत महाग करायची आहे, म्हणजे कपडे धुण्याचे यंत्र किंवा गाडीचे चार्जिंग कधी लावायचे हे घरातलीच व्यक्ती ठरवते. त्यासाठी स्मार्ट मीटर लागतात, आणि प्रीपेड स्मार्ट मीटरला महाराष्ट्रात इतका विरोध झाला की जून २०२४ मध्ये सामान्य घरगुती ग्राहकांना ते न लावण्याची घोषणा राज्य सरकारला करावी लागली. पैसे संपताच दुरून वीज तोडली जाईल, ही त्या विरोधातली मुख्य भीती होती. मीटर तेच, तार तीच. पण तोडण्यासाठी येणारा संदेश आणि आठ आणे स्वस्त दर सांगणारा संदेश यांना ग्राहक एकच प्रतिसाद देत नाही. थर्मोस्टॅट, एसी किंवा गाडीचा चार्जर दुरून हाताळण्याची योजना इथे आखली जाईल तेव्हा तिच्या करारात चार गोष्टी ग्राहकाच्या भाषेत असाव्या लागतील : वर्षातून जास्तीत जास्त किती वेळा, एका वेळी किती तास, आदेश मोडल्यास काय, आणि घरात आजारी माणूस असल्यास कोणाला कळवायचे.